खमिरावरचा आळ

"पालथं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुडघे पोटाशी घ्यायचे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि दुर्बीण?" मी विचारलं.

"दुर्बीण मागून जाते."

मिरजेहून सांगलीची बस कुठून सुटते हे सांगावं, इतक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मी मान खाली घालून टेबलाच्या काचेखालचं आतड्याचं रंगीत चित्र बघत बसलो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. लग्न व्हायचं होतं. जगातल्या कुठल्याही बाईनं अजून माझी उघडी पाठसुद्धा पाहिली नव्हती, आणि ही बाई येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता माझ्या मागं नळी घेऊन उभी राहणार होती.

डॉक्टर नाडगौडा मिरजेतल्या पोटाच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि बोलताना समोरच्याला काय वाटेल याचा विचार देवावर सोडलेल्या. मी जयसिंगपूरहून त्यांच्याकडे गेलो तो नाइलाज झाला म्हणून. चार महिन्यांत माझं वजन चौदा किलो उतरलं होतं. संध्याकाळी बारीक ताप यायचा, बेंबीच्या उजवीकडे खाली दुखायचं, आणि दिवसातून आठ-नऊ वेळा पळावं लागायचं. आमच्या बेकरीचा संडास अंगणाच्या पार टोकाला, त्यामुळे माझी प्रत्येक फेरी पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत व्हायची. काही जण मोजायचेही.

बाईंनी आधी प्रश्नांची सरबत्ती केली होती. कच्चं दूध पिता? नाही. तंबाखू? नाही. घरात कोण कोण? आई, आप्पा आणि मी. घरात कुणाला क्षय झालाय? नाही. कुणाला जुना खोकला? नाही. व्यवसाय?

"बेकरी," मी म्हणालो. "हेरवाडे बेकरी. जयसिंगपुरात कुणालाही विचारा."

"मी कशाला विचारू?" असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे बघा विरूपाक्ष, दोन शक्यता आहेत. एक, आतड्याचा क्षय. दुसरी, क्रोन्स नावाचा आजार. त्यात शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण औषधं एकमेकांच्या विरुद्ध. क्रोन्सला आम्ही स्टेरॉइड देतो, ते अंगातली लढायची ताकद दाबून ठेवतं. तेच क्षयाच्या माणसाला दिलं तर क्षय अंगभर पसरतो आणि माणूस हातचा जातो. म्हणून मला आत जाऊन बघायचंय आणि तिथला तुकडा काढून तपासायचाय."

"रक्तात नाही का कळणार?"

"थोडंफार कळतं. पण ते बघणं नव्हे."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं ऐकायची माझी इच्छा नव्हती.

दस्तगीर जमादार माझा शाळेपासूनचा दोस्त. स्टँडच्या मागं त्याची रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. अवघड तपासण्या तो बर्फाच्या डब्यातून मुंबईला पाठवायचा आणि रिपोर्ट आला की असा छाती काढून चालायचा, जसं काही सगळं यंत्र त्यानंच फिरवलं. त्याला मी सगळं सांगितल्यावर तो खुर्चीतून उठलाच.

"आरं विऱ्या, दुर्बीण कशाला लेका? नवीन टेस्ट निघाल्यात! अस्का आनि पी-अँका. आतड्याच्या दुखण्यात रक्तात काय काय खुणा उमटत्यात, त्या बघायच्या. अस्का आला की क्रोन्स. पी-अँका आला की दुसरा, अल्सरेटिव्ह कोलायटिस. विषय संपला."

"आणि क्षय?"

"दोन्हीपैकी एक आला म्हंजी क्षय न्हाईच की," दस्तगीर म्हणाला. हे त्यानं कुठं वाचलं होतं ते मी विचारलं नाही. "बोटभर रक्त. चड्डीची नाडी सोडायचं काम न्हाई."

शेवटच्या वाक्यानं माझा निर्णय झाला. मी तिथंच बाही वर केली. गुरुवारी सकाळी मिरजेला फोन करून मावशी वारल्याचं कळवलं. मला मावशी नव्हतीच, त्यामुळे कुणाचं काही नुकसान झालं नाही. घरात मात्र सांगितलं की बाईंनीच ही नवी रक्ताची तपासणी करायला लावली आहे.

आता आमच्या बेकरीतली एक पद्धत सांगायला हवी. दुपारी तीनच्या सुमारास पावाची पहिली लादी भट्टीतून बाहेर यायची. आप्पा त्यातला कडेचा एक पाव तोडायचे, मधोमध मोडायचे, अर्धा दातानं चावून डोळे मिटून चघळायचे आणि त्याच हातातला उरलेला तुकडा मला द्यायचे. मी खाऊन मान हलवली की लाद्या दुकानात जायच्या. आप्पांच्या वडिलांनी आप्पांना असाच पाव दिला होता. मी पाच वर्षांचा असल्यापासून माझी मान हलल्याशिवाय जयसिंगपुरात पाव विकला गेला नव्हता. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा आप्पा तो अर्धा तुकडा कागदात गुंडाळून ठेवायचे आणि मी आल्यावरच दुकानाची फळी उघडायचे. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबलं.

दस्तगीर पाकीट नाचवत आला तेव्हा बरोबर हीच वेळ होती. आप्पांनी पाव मोडला होता, घास घेतला होता आणि उरलेला तुकडा हातात होता.

"अस्का पॉझिटिव्ह!" मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसा तो ओरडला. "पी-अँका निगेटिव्ह. म्हंजी क्रोन्स. क्षय न्हाई, आप्पा!"

मला इतकं हायसं वाटलं की मी भट्टीच्या कट्ट्यावर बसून घेतलं. दुर्बीण टळली होती. क्रोन्स म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं, पण तो माझ्या इज्जतीला हात लावणार नव्हता, एवढं पुरेसं होतं.

"अस्का म्हंजी काय?" आप्पांनी विचारलं.

इथं दस्तगीरनं गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान होतं ना. "त्येचं काय हाय आप्पा, ह्या यीस्टच्या विरुद्धच्या अँटीबॉडी. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी."

"हा कोन पावना?"

"पावना कसला, आपलं बेकरीतलं खमीर! तुमी पिठात घालता त्येच. विरूच्या रक्तात त्येच्या विरुद्ध फौज उभी राहिल्या."

"का?"

"आता का म्हंजी..." दस्तगीरचं ज्ञान तिथं संपलं.

आप्पांनी हातातल्या पावाच्या तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझी हाडं शर्टातून दिसत होती. त्यांनी तो तुकडा मला दिला नाही. फळीवर ठेवला, घसा खाकरून थुंकून आले, आणि भट्टीतली जळती लाकडं ओढून बाहेर काढायला लागले.

"आप्पा, काय करताय?"

"इजवतोय."

"अहो, आत तीन लाद्या आहेत!"

"असूं देत. एकतीस वर्सं ह्या हातानं खमीर मळलं. आनि त्येच माझ्या पोराच्या आतड्यावर उठलं व्हय? मीच तुला चारलं की रं रोज. हितंच, ह्याच हातानं."

त्यांनी लाकडांवर घागर ओतली. धुरानं सगळेच खोकलो. आमची भट्टी वर्षातून एकदा, बसवजयंतीला, थंड असायची. आईला वाटलं कुणीतरी गेलं, म्हणून ती पदर डोक्यावर घेऊनच बाहेर आली.

त्याच संध्याकाळी मी रिपोर्ट घेऊन स्टँडजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर पडशापासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर इंजेक्शन द्यायचे. त्यांनी रिपोर्टावरून बोट फिरवलं. "शंकाच नाही," असं म्हणून स्टेरॉइड लिहून दिलं. रोज सकाळी आठ गोळ्या. पंधरा दिवसांत घोड्यासारखा होशील, म्हणाले. मी गोळ्या घेऊन घरी आलो, पाण्याचा तांब्या घेतला, आणि आप्पा समोर येऊन बसले.

"थांब," ते म्हणाले. "आदी माझं रक्त काढायचं."

"तुमचं कशाला? तुम्हाला काय झालंय?"

"मला काय झालं न्हाई म्हनूनच काढायचं. तुझ्यापरीस जादा पाव मी खाल्ल्यात. तुझ्यापरीस जादा खमिरात मी हात घातल्यात. माझ्या रक्तात ती फौज नसंल, तर खमीर तुझ्याच जिवावर उठलंय. मग बेकरी मोडून टाकायची, तू बाहेर कुटंबी नोकरी कर. पन माझ्याबी रक्तात ती निगाली आनि मी असा खडखडीत, तर मग त्या रिपोर्टात काय अर्थ हाय सांग. माझा रिपोर्ट यीपर्यंत एक गोळी गिळायची न्हाईस. तुझ्या आईची शपथ."

आप्पा सातवी नापास. पण एका रिपोर्टावर विश्वास ठेवू नये, धडधाकट माणसाचं रक्तही ताडून बघावं, हे त्या सगळ्या प्रकरणात त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आलं. दस्तगीर विज्ञान शाखेचा पदवीधर होता आणि मी बी.कॉम. आम्हा दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं.

पुढचे पाच दिवस बेकरी बंद होती, आणि बंद बेकरीइतकं बोलणारं गावात काही नसतं. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, हेरवाड्यांच्या पावात पाल निघाली. दुसऱ्या दिवशी उंदीर निघाला. तिसऱ्या दिवशी रक्तात काहीतरी सापडल्याचं फुटलं, आणि मग आमचा पाव आयुष्यभर खाल्लेली माणसं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दस्तगीरच्या लॅबपुढं जमायला लागली. दस्तगीरनं त्यातल्या दोघांची रक्तं घेतलीसुद्धा. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. आप्पा दुकानाच्या पायरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचे. कुणी काही विचारलं तर नुसतं हात हलवायचे.

मला बरं नव्हतंच. चौथ्या दिवशी ताप वाढला, फेऱ्या बारावर गेल्या, अंगणाच्या मध्यावर एकदा बसावं लागलं. मला भीती वाटायला लागली होती, खरीखुरी. मरणाची. आणि खिशात औषध असताना एका म्हाताऱ्याच्या खुळापायी आपण ते घेत नाही याचा मला भयंकर राग आला. सकाळी देवघरापाशी उभा राहून मी आठ गोळ्या तळहातावर काढल्या. बारीक, पांढऱ्या, मसुरीहून जरा मोठ्या. शपथ काय, आई समोरच देवाला फुलं वाहत होती आणि अजून ठणठणीत होती.

तेवढ्यात अंगणातून आप्पांचा खाकरण्याचा आवाज आला. मी मूठ मिटली, पण उशीर झाला होता.

"काय हाय हातात?"

"काही नाही."

"उघड."

मी लहान मुलासारखी मूठ उघडली. आप्पांनी एकेक गोळी वेचून घेतली आणि पाकिटात परत भरली. "एक दिस, विरू," ते म्हणाले. "फकस्त एक दिस दम धर." मी त्यांना आयुष्यात कधी विनवणी करताना पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली आणि रागही तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आला, पण नाचत नाही. पाकीट त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"पॉझिटिव्ह," तो म्हणाला. "विऱ्याचा आकडा अठ्ठेचाळीस होता. आप्पांचा बहात्तर."

आप्पांच्या तोंडावर असं हसू आलं की पाच दिवसांचा काळवंडलेपणा क्षणात उतरला. "बहात्तर! बघा की! पोरगा साधा शिपाई, आनि मी सुभेदार! आनि मला काय झालंय? दगूड खाल्ला तर पचतोय मला! खमिराचा काय दोष न्हाई!" त्यांनी टोपी चढवली. "चल मिरजंला. त्या बाईला इचारतो, माझ्या खमिरावर आळ का घेतला म्हनून."

आता पंचाईत माझी झाली. बाईंनी कसलाच आळ घेतला नव्हता. मी ही तपासणी केलीय हे बाईंना ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, आप्पा, उद्या जाऊ. आप्पांनी मला दंडाला धरून बसमध्ये बसवलं.

डॉक्टर नाडगौडांनी मला बघितलं आणि चष्मा काढला. "या विरूपाक्ष. तुमच्या मावशीचं कळलं. वाईट वाटलं."

"कुठली मावशी?" आप्पा म्हणाले.

पुढची दोन मिनिटं मी सांगण्यात अर्थ नाही. सगळं बाहेर आलं. मावशी मेली, ती कधी जन्मलीच नव्हती हेही निघालं, रक्ताची तपासणी कुणी करायला लावली ते निघालं, आणि शेवटी खिशातलं गोळ्यांचं पाकीटही निघालं. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि गोळ्या मोजल्या.

"यातली एकही घेतली नाही?"

"आप्पांनी घेऊ दिली नाही."

बाईंनी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं आणि खण जरा जोरातच बंद केला. मग दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"हा अस्का," त्या म्हणाल्या, "म्हणजे शेजाऱ्यांचं मत. कधी बरोबर निघतं. पण शेजाऱ्याच्या मतावर कुणी मुलगी देत नाही. क्रोन्सच्या बऱ्याच लोकांच्या रक्तात ह्या खुणा सापडतात, खरं आहे. कोलायटिस की क्रोन्स असा घोळ असला तर मदतही होते. पण धडधाकट माणसांतही त्या सापडतात. आणि आतड्याच्या क्षयातसुद्धा सापडतात. म्हणजे मला जो प्रश्न पडलाय, नेमक्या त्याच प्रश्नावर हा रिपोर्ट मुका आहे."

"म्हंजी खमिराचा दोष न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"खमिराचा काडीचाही संबंध नाही. ती नुसती खूण आहे. तुमचा पाव गावानं खुशाल खावा."

आप्पा उठून उभे राहिले. त्यांना ते आणखी मोठ्यानं, शक्यतो बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर ऐकायचं होतं. "मग बाई, हे असलं कागद छापत्यात कशाला? माझी भट्टी पाच दिस..." त्यांना ठसका लागला. "पाच दिस थंड हाय. लोक म्हंत्यात उंदीर..." पुन्हा ठसका. "उंदीर निगाला म्हनून..." आणि मग ते वाकून, टेबलाची कड धरून, बराच वेळ खोकत राहिले.

बाई त्यांचं बोलणं ऐकत नव्हत्या. त्या खोकला ऐकत होत्या.

"हा खोकला कधीपासून आहे?"

"कसला खोकला?" आप्पांनी रुमालानं तोंड पुसलं.

"हा आत्ता आला तो."

"ह्यो व्हय? ह्यो मैद्याचा. बेकरीवाल्याला असतोयच."

"किती वर्षं?"

"तसा पयल्यापासनंच. दोन वर्सं झाली, जरा वाढलाय."

"संध्याकाळी अंग गरम होतं? घाम येतो?"

"भट्टीम्होरं बसनाऱ्याला घाम येनार न्हाई तर काय थंडी वाजनार, बाई?"

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी तुम्हाला विचारलं होतं. घरात कुणाला जुना खोकला आहे का."

"तो मैद्याचा आहे," मी म्हणालो.

आणि मी खोटं बोललो नव्हतो, हीच तर गंमत. मावशीच्या बाबतीत बोललो होतो, खोकल्याच्या बाबतीत नाही. आमच्या घरात त्याला कुणी खोकला म्हणतच नसे. आजोबा तसेच खोकायचे, आप्पा तसेच खोकायचे, पीठ चाळलं की खोकायचं, लाकूड पेटलं की खोकायचं. गल्लीतल्या बायका तो आवाज ऐकून पोरांना पाव आणायला पाठवायच्या. जो आवाज जन्मापासून घरात आहे, तो आजार कसा असेल? तो बेकरीचा आवाज होता.

त्या दुपारी आप्पांच्या छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठा डाग होता. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या कुशीवर झोपलो, गुडघे पोटाशी घेतले, आणि नऊ वाजता बाईंनी आपलं काम केलं. खरं सांगतो, मला काही कळलंसुद्धा नाही. इतकं इंजेक्शन दिलं होतं की मी बाईंना पाव मऊ झालाय का, असं विचारत होतो म्हणे. आतड्याचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्यानं उत्तर आलं. क्षयच होता. स्टँडजवळच्या आठ गोळ्यांनी त्याला माझ्या आतड्यापासून मेंदूपर्यंत मोकळं रान मिळालं असतं.

तो रिपोर्ट ऐकून आप्पा बाईंना एकच वाक्य बोलले. टोपी हातात घेऊन, अगदी हळू.

"म्हंजी खमीर न्हाई, बाई. मीच."

"तसं नाही म्हणता येत," बाई म्हणाल्या. "कुणाकडून कुणाला गेला हे मी सांगू शकत नाही. इथं तो हवेतच आहे. बसमध्ये मिळतो, सिनेमात मिळतो. एका ताटात जेवल्यानं होत नाही. आता औषध घ्या. सहा महिने दोघांनीही, एकही दिवस न चुकवता. तुमची थुंकी साफ होईपर्यंत भट्टीकडे फिरकायचं नाही. विरूपाक्षच्या आईंनाही तपासून घेऊ." आईला काही निघालं नाही, हे लगेच सांगून टाकतो.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आप्पा तिथं बसले नाहीत. ते मागच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले, टॉवेल तोंडावर घट्ट धरून, आणि मी वळून पाहिलं की बाहेर बघायचे. वाटेतलं अंकली गाव येईपर्यंत मी तीनदा हाक मारली. त्यांनी तीनदा नुसतं मान हलवून नाही म्हटलं. मला तेव्हा जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या माणसानं माझा जीव वाचवला होता, आणि तो गुन्हेगारासारखा बसला होता. रिपोर्ट एकाही गोष्टीच्या कामाचा नव्हता, फक्त या हट्टी म्हाताऱ्याला भांडायला डॉक्टरबाईंच्या समोरच्या खुर्चीत नेऊन बसवण्याच्या कामाचा होता. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

मग पद्धतशीर औषध सुरू झालं. रोज सकाळी आई दोघांपुढं लाल-पांढऱ्या गोळ्यांच्या दोन वाट्या ठेवायची आणि गिळेपर्यंत कमरेवर हात देऊन उभी राहायची. औषधामुळे आमची दोघांचीही लघवी नारिंगी झाली. दस्तगीरला ते कळल्यावर त्यानं फुकट तपासून देतो म्हणून सांगितलं. आम्ही त्याला हाकलून दिलं, पण त्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागलो. माझा ताप तीन आठवड्यांत गेला. दोन महिन्यांत पाच किलो भरलं. आप्पांचा खोकला कमी कमी होत गेला, आणि एक दिवस पूर्ण थांबला. घर इतकं शांत झालं की पहिले काही दिवस आईला झोपच येईना.

दोन महिन्यांनी आप्पांची थुंकी साफ निघाली. बाईंनी परवानगी दिली. आम्ही चांगला दिवस बघून भट्टी पेटवली. अर्धं गाव फळीपाशी उभं होतं, काही पावासाठी, बरेचसे उंदीर बघायला.

तीन वाजता पहिली लादी बाहेर आली. आप्पांनी कडेचा पाव तोडला, मोडला, घास घेतला, डोळे मिटून चघळला. आणि हातातला उरलेला तुकडा सवयीनं माझ्यापुढं केला.

मग त्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी तो मागं घेतला. तुकडा हळूच फळीवर ठेवला, धोतराला बोटं पुसली, लादीतला दुसरा अख्खा पाव तोडला आणि तो मला दिला. माझ्याकडे न बघता.

मी तो अख्खा पाव लादीवर परत ठेवला. फळीवरचा अर्धा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. गरम होता, जीभ भाजली.

बाहेर गिऱ्हाइकं ओरडत होती.

"कसा झालाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मीठ कमी आहे."

"गप की रं," ते म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. एकदा पुसले, दोनदा पुसले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मैदा गेला डोळ्यात."

"आप्पा," मी म्हणालो, "आता मैद्यावर आळ घेऊ नका."

ते हसले. मी मान हलवली, आणि आम्ही लाद्या दुकानात न्यायला सुरुवात केली.